डोहावरची रुपाबाई

इंझोरीत रुपाबाईच्या हातचा मार न खाल्लेला माणूस शोधायचा तर पाळण्यातच शोधावा लागेल. मी स्वतः खाल्लेला आहे, तोही पन्नाशी उलटल्यावर, घरात दोन सुना आणि गावात स्वतःची पिठाची गिरणी असताना. का, तर हाताशी आलेली चिलापी मासोळी माझ्या बोटांतून निसटली म्हणून. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही, पाठीवर घेतलेलं आहे.

रुपाबाई जातीनं भोई, माहेर अनसिंगचं. बाप प्यायचा आणि जाळी वाळवायच्या खांबाला पोरींना बांधून ओल्या दोरानं मारायचा. आई मध्ये पडली की आईलाही मारायचा. त्या घरात मायेचं बोलणं कुणी ऐकलंच नव्हतं, तर ही कुठून शिकणार? लग्न होऊन ती अडाण नदीच्या काठी आली आणि तिसऱ्याच दिवशी, कालवण खारट झालं म्हणून, नवऱ्यानं तिच्या थोबाडीत ठेवून दिली. रुपाबाईनं डोंग्याचं वल्हं उचललं आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. मग तिनंच हळदीचा लेप लावला, तिनंच पट्टा बांधला. नवऱ्याचं नाव रामराव. पुढं काविळीनं जाईपर्यंत तो तिच्याशी फार जपून वागला. लोक त्याला बायकोचा बैल म्हणायचे. तो हसून खांदा दाखवायचा.

नंतरच्या मारामाऱ्या सांगत बसले तर दळण राहून जाईल. बाजारात मासोळ्या दाबून दाबून परत टाकणाऱ्या एकाच्या डोक्यात तिनं तराजूचं पारडं घातलं. तिच्या जाळ्यावर म्हैस घालणाऱ्याला म्हशीसमोरच तुडवलं. पण एक होतं, मारून झालं की तिच्या मनात काही उरत नसे. सकाळी ज्याला झोडपलं त्याच्या घरी संध्याकाळी ती मासोळी पाठवायची, आणि तीही मोठी. मला तिचा राग कधी आला नाही. भीती मात्र वाटायची, आणि गंमतही वाटायची, कारण या गावात बाईमाणसानं हात उचलला की बाप्यांची तोंडं जशी होतात ती बघण्यासारखी असतात.

तिचा एकुलता एक मुलगा गोलू. विशीतला, काटक, बापासारखा हसरा. त्याच्यावर तिचा जीव होता हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मासोळीचं पोटाकडचं मऊ मांस तिनं कधी स्वतः खाल्लं नाही. ते गोलूच्या ताटात जायचं. पण ताट सरकवताना तोंडातून निघायचं, "गीळ, रांडेच्या." ही शिवी तू स्वतःलाच घालतेस, असं मी एकदा तिला समजावून पाहिलं. "मंग काय झालं?" ती म्हणाली. "माही शिवी, माहं पोट्टं." त्याला ती मुर्दाड म्हणायची, ढोर म्हणायची, हरामी म्हणायची. चहाला बोलवायचं असो की मार द्यायला, हाक तीच. गोलू हे त्याचं नाव तिच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं असेल.

आता आम्ही मासोळ्या धरायला कशा शिकलो ते ऐका.

माझ्या गिरणीला लागून हुस्नाबानोचं बांगड्यांचं दुकान आहे. तिचा नवरा मेहबूब आठवडी बाजार करत फिरतो, दुकान हीच बघते. स्वभावानं इतकी मऊ, की बांगडी भरताना गिऱ्हाइकाचा हात दुखला तर हिच्या डोळ्यांत पाणी. अशा बाईनं एका बाजारात रुपाबाईच्या टोपल्यातली चिलापी उचलली आणि म्हणाली, "रुपाबाई, ये बासी लगती. आँख तो देखो इसकी."

रुपाबाईनं तीच चिलापी तिच्या हातातून हिसकली आणि तिच्याच गालावर हाणली. चिलापीच्या पाठीवर काट्यांची रांग असते. हुस्नाच्या गालावर रक्ताचे ओरखडे उठले. सगळा बाजार थांबला. मी गिरणीच्या दारातून पाहत होते आणि मला वाटलं, आता मेहबूब येईल, त्याचे भाऊ येतील, दोन्हीकडची माणसं जमतील आणि गावात नको ते होईल.

तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी रुपाबाई बांगड्यांच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. हातात बांबूच्या दोन काड्या, त्यांना तंगुसाची, म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला लोखंडी गरी.

"चाल व नदीवर," ती म्हणाली. "सोताच्या हातानं धर. मंग सांग बासी का ताजी."

माफी मागायची तिची हीच रीत. हुस्ना घाबरून माझ्याकडं पाहायला लागली. मी मोटर बंद केली, पदर खोचला आणि म्हणाले, चला, मी पण येते. हुस्नाला सोबत म्हणून नव्हे, तर पुढचा तमाशा चुकू नये म्हणून. तो तमाशा पुढं उन्हाळाभर चालला आणि आमच्या हाताला मासोळीचा वास कायमचा लागला.

नदीकडं उतरायच्या वाटेवर करंजाच्या झाडाखाली शेंदूर लावलेले दगड आहेत. त्या आसरा, पाण्यातल्या देवी. गावातले बाकीचे लोक चपला घालून थेट वाळूपर्यंत जातात आणि पाण्याच्या कडेला काढतात. रुपाबाईच्या घरची रीत वेगळी. चपला आसरांपाशी काढायच्या आणि पुढं अनवाणी जायचं, कारण पाणी म्हणजे त्यांचं घर. हुस्नानं विचारलं, हे मलाही का? रुपाबाई म्हणाली, "चप्पल काढाले धरम लागते का? पाय तं लागतात." मग हुस्नाच्या चपलाही करंजाखाली राहायला लागल्या.

चिलापीवर रुपाबाईचं पोट होतं आणि चिलापीवरच तिचा राग. "हे आपल्या नदीची नाही," ती सांगायची. "कुठून आली कोन जाने. आली अन् मालकीन होऊन बसली. दुसऱ्याची अंडी खाते, जागा बळकावते, जवळ कोनी आलं का ढुशी देते." हे ऐकताना हुस्ना मला कोपरानं ढोसायची, की हे वर्णन नक्की कुणाचं चाललंय.

डोहाच्या खालच्या अंगाला पाणी उथळ होतं. तिथं चिखलात थाळीएवढे गोल खड्डे दिसायचे. चिलापीचा नर तो खड्डा करतो आणि राखत बसतो. गरी खड्ड्याच्या ऐन कडेवर टाकायची, मधोमध नाही. "त्याले भूक नसते," रुपाबाई सांगायची, "पन दारात कोनी आलं थे सहन होत नाही. रागानं तोंड मारते अन् मरते."

गांडूळ गरीला लावणं हुस्नाला जमेना. ती डोळे मिटून दुसरीकडं बघायची. रुपाबाईनं तिचा अंगठा आपल्या मुठीत धरला आणि गांडुळासकट गरीवर दाबला. गरी गांडुळातून आरपार जाऊन हुस्नाच्या बोटात शिरली. हुस्ना किंचाळली. "आता समजलं किती दाबाचं थे," रुपाबाई म्हणाली आणि बोट चोखून थुंकली. पुन्हा हुस्नानं कधी डोळे मिटले नाहीत. शिकवण्याची ही पद्धत कुठल्या शाळेत चालेल असं मला वाटत नाही, पण आम्ही शिकलो.

झटका कधी द्यायचा हेही तसंच शिकलो. दोरी थरथरली तरी झटका नाही, ती एकदा ताणली गेली तरी नाही, तिसऱ्यांदा ओढ लागली की मनगटानं वर. मी आधी झटका दिला की पाठीत धपाटा. उशिरा दिला की दुप्पट. आणि मासोळी बाहेर आली की शेवटचा धडा. कल्ल्यात अंगठा घालायचा, घट्ट धरायचं आणि डोकं दगडावर एकदाच, पण मनापासून. "तडफडत ठेवली तं मांस कडक होते," ती म्हणायची. "माराचं तं नीट मारा वो. अर्धवट मारनं पाप हाये."

पहिल्या दिवशी हुस्ना ओकली. पंधरवड्यात तीच हुस्ना, बांगडी भरताना रडणारी, चिलापीचं डोकं दगडावर असं आपटायची की रक्त तिच्या चष्म्यावर उडायचं, आणि ती ओढणीनं काच पुसून पुन्हा गरी टाकायची. मलाही ते आवडायला लागलं होतं. लाज कशाची? दिवसभर गिरणीत पीठ जाड आलं, पीठ कमी आलं, अशी बोलणी ऐकून घेतल्यावर एखादं डोकं दगडावर आपटायला मिळालं की घरी जाऊन सुनांशी मी गोड बोलायचे.

एकदा माझ्या गरीला बऱ्यापैकी मोठी चिलापी लागली. बाहेर काढून कल्ल्यात अंगठा घालणार, तोच तिनं तोंड उघडलं आणि माझ्या तळहातावर, मनगटावर बारीक बारीक पिल्लं सांडली. मोहरीएवढे डोळे, बाकी अंग पाण्यासारखं. मला वाटलं ओकारी काढली. रुपाबाई धावत आली, माझ्या हातावर फटका मारून तिनं मासोळी हिसकली आणि पाण्यात सोडली. हातावरची पिल्लंही पाण्यात बुडवून धुतली.

"मादी हाये. पोरं तोंडात ठेवते थे. मोठी होतवर खात नाही का पीत नाही," ती म्हणाली. माझा चेहरा विरघळलेला पाहून तिनं लगेच वर जोडलं, "तोंड काहून पाडतं? एक सोडली का पुढं टोपलंभर भेटतात. धंदा हाये."

तिचं खरं वैर होतं ते करंटवाल्यांशी. आमच्याकडं हे सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगते. नदीकाठी शेतीपंपाची लाईन असते. दिवसाची वीज असली की लांब बांबूला तार गुंडाळायची, टोकाला उघड्या तारेचं कडं करायचं, दुसरं टोक पंपाच्या पेटीत आणि कडं पाण्यात. डोहातलं जे असेल ते पोट वर करून येतं. मोठी मासोळी, बोटाएवढी मासोळी, बेडूक, पाणसाप. विकण्याजोगं उचलायचं, बाकीचं कुजायला सोडायचं. करंट टाकून गेलेला डोह पुढं कित्येक दिवस नासलेल्या अंड्यासारखा वास मारतो. रुपाबाईनं असे दोन बांबू माणसांच्या पाठीवर मोडले होते.

आणि मग तिला कळलं की भागवतच्या सोबत गोलू असतो. भागवत म्हणजे डोहाच्या वरच्या वळणावर ज्याचा पंप आहे तो. शेतीत लक्ष नाही, मोबाइलवर फोटो टाकायची हौस. जाळं विणायला, वाळवायला, फाटलं तर शिवायला हिवाळा जातो, करंटला तासभर पुरतो. पोरगं कुठं वळणार?

त्या दिवशी मी तिच्या अंगणातच होते. गोलू टोपलं घेऊन आला. मासोळ्यांचे डोळे पांढरे, अंगावर गरीची खूण नाही, जाळ्याची नाही. रुपाबाईनं एक उचलून पाहिली आणि खाली ठेवली. मग वळणीवरचं ओलं जाळं ओढलं. त्याला खाली शिशाचे मणी असतात. त्या जाळ्यानं तिनं त्याला मारायला सुरुवात केली ती तो अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून करंजापर्यंत जाईतो. त्यानं एकदाही हात उचलला नाही. मार सुरू झाला की तो लहानपणापासून एकच करायचा. खांदे कानांपर्यंत चढवायचे, डोळे गच्च मिटायचे, हाताला जे लागेल ते घट्ट धरायचं आणि संपायची वाट पाहायची. त्याच्या कानातून रक्त यायला लागलं तेव्हा मी मध्ये पडले. एक मणी माझ्या कपाळावर बसला. खूण अजून आहे.

आसरांसमोर तिनं त्याचं डोकं केसांना धरून दगडावर टेकवलं. "घे शपथ, रांडेच्या. बोल, तारेले हात लावनार नाही. लावला तं ह्या आसरा खातीन मले."

"नाही लावनार," गोलू म्हणाला. आईच्या जिवावरची शपथ होती ती, आणि त्यानं ती मनापासून घेतली असं मला त्याच्या तोंडाकडं बघून वाटलं. महिनाभर पाळलीही. मग पावसाळा ओसरला आणि भागवतनं बोलावलं.

करंट टाकणाऱ्यांमध्येही एक पद्धत आहे. कडं पाण्यात सोडण्याआधी एकानं पुढं जाऊन वाळू बघायची. वाळूवर चपला दिसल्या तर पाण्यात माणूस आहे, थांबायचं. चपला नसल्या तर मोकळं. एवढ्या भरवशावर ही माणसं नदीत वीज सोडतात. त्या दुपारी वाळू बघायला गोलू आला होता. त्याच्या आईच्या घरची रीत त्याला माहीत नव्हती असं नाही. इतर कुणी नाही तरी त्यानं करंजाखाली नजर टाकायला हवी होती. पण शपथ मोडून आलेला मुलगा. त्या दगडांकडं बघायची त्याची हिंमत झाली नाही. तो बेशरमच्या झुडपांआडून वाळूवर नजर टाकून, मान खाली घालून परत फिरला. हे सगळं त्यानं नंतर पोलिसांसमोर सांगितलं. आम्हाला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. आमच्या तिघींच्या चपला करंजाखाली एका ओळीत होत्या, आणि आम्ही खालच्या अंगाला, झुडपांच्या पलीकडं, त्याला न दिसणाऱ्या जागी होतो.

हुस्नाची गरी पाण्यातल्या मुळीत अडकली होती. ती सलवार वर ओढून गुडघाभर पाण्यात उतरली होती आणि वाकून दोरी सोडवत होती. रुपाबाई काठावर गरीला गाठ मारत बसली होती. शेजारी तिची धामणीच्या लाकडाची काठी, जी तिच्यापासून कधी लांब नसे. मी हुस्नाला चिडवत होते की गरीपेक्षा बांगडी टाक, ती लवकर लागेल.

आधी बारीक मासोळ्या उडाल्या. मूठभर दाणे कुणी वर फेकावेत तशा. मग हुस्नाच्या तोंडातून एक आवाज निघाला. ती ओरडली नाही. ओरडायलाही अंग आपलं असावं लागतं. ती ताठ झाली, मान मागं गेली, बोटं वाकडी झाली आणि ती होती तशी आडवी पाण्यात कोसळली. चष्मा निसटून पाण्यात गेला. मी धावले. पाण्यात पाऊल पडलं आणि कमरेपर्यंत कुणी आतून हातोडा मारला असं झालं. मी मागं वाळूवर फेकले गेले.

"पान्यात जाऊ नको, विजू! करंट हाये!" रुपाबाई ओरडली. आणि काठी घेऊन ती वळणाकडं, खडकांवरून धावत सुटली.

मी उठून बसले तेव्हा झुडपांवरून मला वरचा खडक दिसला. गोलू गमबूट घालून उभा होता. हातात बांबू, बांबूचं टोक पाण्यात. भागवत मागं वर पंपाच्या खोलीपाशी, तिथून दिसत नव्हता. हुस्ना पालथी पडली होती आणि तिची पाठ पाण्यावर थडथडत होती. मला एवढंच कळत होतं की बांबू पाण्याबाहेर आला नाही तर ती माझ्यासमोर मरणार, आणि मी काहीही करू शकत नाही.

रुपाबाईनं धावता धावता हाक मारली.

मी तिच्या हाका जन्मभर ऐकल्या आहेत. त्या दिवशीची तशी नव्हती. "गोलू! बाळा! थे काढ बाहेर, बाळा!" ती म्हणाली. आवाज मोठा होता, पण त्यात राग नव्हता, विनवणी होती. मी जिवाच्या आकांतात असूनही मला ते खटकलं, एवढं ते नवीन होतं.

गोलूनं ऐकलं. त्यानं आईकडं पाहिलं. मग मान वळवून मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं, नुसता खडक आणि त्यापलीकडं तुरीचं शेत. तो पुन्हा वळला, तेवढ्यात ती जवळ आली होती आणि त्याला तिच्या हातातली काठी दिसली. मग त्यानं तेच केलं जे तो पाळण्यातून उतरल्यापासून करत आला होता. खांदे वर चढवले, डोळे गच्च मिटले आणि हातात होता तो बांबू घट्ट धरून मार संपायची वाट पाहत उभा राहिला. कडं पाण्यातच राहिलं.

तिनं काठी उचलली. मी पाहिलं, ती अर्धा क्षण थांबली. आणि मग तिनं जसं आम्हाला शिकवलं होतं तसं, एकदाच, मनापासून, ती त्याच्या उजव्या हातावर मारली.

हाड मोडल्याचा आवाज पाण्याच्या आवाजातून माझ्यापर्यंत आला. बांबू उडून खडकावर पडला, तार दगडाला लागली आणि निळ्या ठिणग्या उडाल्या. वरून भागवतची बोंब ऐकू आली. त्यानं खटका पाडला आणि तुरीतून पळाला. गोलू गुडघ्यावर बसला. त्याच्या मनगटाच्या वर हात भलतीकडंच वळला होता आणि कातडीतून पांढरं काही बाहेर आलं होतं. तो ओरडतही नव्हता.

रुपाबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती जशी गेली तशी परत धावत आली. तोवर मी हुस्नाला ओढून वाळूवर आणलं होतं. ओठ काळेनिळे, दातखीळ बसलेली, श्वास नाही. रुपाबाई तिच्या पोटावर बसली, दोन्ही हातांनी छाती दाबली, पाणी निघालं. पुन्हा दाबली. मग तिच्या थोबाडीत मारायला लागली. एक, दुसरी, पुन्हा. "ऊठ! ऊठ, मुर्दाडे! मेहबूबले काय सांगू मी? ऊठ!" मला वाटलं बाईचं डोकं फिरलं. मी तिचा हात धरायला गेले तर मलाही एक बसली. आणि हुस्ना खोकली. अशी खोकली की आतड्यासकट बाहेर येईल, पण खोकली. माझी मैत्रीण मार खाऊन जिवंत झाली, हे मी कोणत्याही कोर्टात सांगायला तयार आहे.

कारंजाच्या दवाखान्यात नेताना एकाच टेम्पोत दोघं होती. एकीकडं हुस्ना माझ्या मांडीवर, दुसरीकडं गोलू, हात ओढणीनं छातीशी बांधलेला. ओढणी हुस्नाचीच होती. रुपाबाई मधे बसली होती. रस्ता खराब, दर खड्ड्याला गोलूच्या तोंडातून कण्हणं निघायचं आणि दर कण्हण्याला रुपाबाईची मूठ आवळायची.

पोलिसांनी विचारलं, पोराचा हात कुणी मोडला. "म्या," ती म्हणाली. "लिहा. पुन्हा येळ आली तं पुन्हा मोडीन." भागवतवर केस झाली. गोलूचंही नाव आलं, मग हुस्नानं जाऊन सांगितलं की या मुलाविरुद्ध माझी तक्रार नाही. तिचा डावा पाय अजून अधूनमधून बधिर होतो. पाण्यात ती पुन्हा उतरली नाही, पण काठावर बसून गरी टाकते, आणि चिलापी आली की पूर्वीसारखीच डोकं आपटते. मेहबूबला वाटलं होतं ती सोडून देईल. तो तिला ओळखतच नाही.

गोलूच्या हातात सळई घातली. हाड जुळलं, पण बोटं मिटत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, शीर तुटली आहे. जाळं फेकायचं तर उजवी मूठ हवी, ती गेली. भोयाच्या पोराला उजवी मूठ नसणं म्हणजे काय हे मी समजावून सांगायची गरज नाही.

या दिवाळीनंतर मी पिठाचा डबा घेऊन रुपाबाईकडं गेले होते. दुपारची वेळ. ती ओट्यावर बसून चिलापीचे खवले काढत होती. गोलू भिंतीला टेकून डाव्या हातानं जेवत होता. डाव्या हाताला अजून सवय नव्हती, भात सांडत होता. ती नुसती बघत होती. आधीची रुपाबाई असती तर "सांडतं काहून, ढोरा" निघालंच असतं.

माझ्या जिभेला हाड नाही. इतके दिवस जे मनात घोळत होतं ते मी विचारून टाकलं. "गोलू, त्या दिवशी मायनं हाक मारली तवा तू मागं काहून पाह्यलं रे? मागं तं कोनी नव्हतं."

त्यानं घास खाली ठेवला. थोडा विचार केला, जसा खरंच आठवत असावा.

"काकू, थे बाळा म्हनली ना," तो म्हणाला. "मले वाटलं मागं कोनाचं लेकरू आलं. लेकरू पान्यात जाईन म्हनून पाह्यलं."

त्यात टोमणा नव्हता. विचारलं त्याचं उत्तर दिलं, एवढंच, आणि तो परत भात गोळा करायला लागला.

खवल्यांचा आवाज थांबला होता. रुपाबाईच्या हातात सुरी तशीच, दुसऱ्या हातात अर्धी साफ केलेली मासोळी. या बाईनं माणसांची डोकी फोडलेली मी पाहिली आहेत, स्वतःचं रक्त पदरानं पुसून हसलेली पाहिली आहे. पण त्या क्षणी होती तशी ती कधी दिसली नव्हती.

"तुलेच म्हनलं होतं रे," ती म्हणाली.

गोलूनं वर पाहिलं नाही. पुढं तिला काहीतरी म्हणायचं होतं, नेहमीची शिवी असेल किंवा तो दुसरा शब्द असेल, तिचे ओठ हलले. पण दोन्हीतलं काहीच तिच्या तोंडून निघालं नाही.